वडोदऱ्यात गाडी खाली घेताना

इथले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं चढणारं पाणी पाहता, स्प्रिंग बदलून गाडीची उंची कमी करताना २५-३० मिमीपेक्षा जास्त खाली जाऊ नका. मूळ स्प्रिंग तर कापूच नका. चाक लटकलं की कापलेली स्प्रिंग बैठकीतून निसटते. चारही लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) तयारच घ्या.

स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा जोड) उतरवल्यावर स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे स्प्रिंग आवळून धरणाऱ्या अवजाराने, स्प्रिंग दाबा. ती हाताने सहज फिरू लागली की मगच वरचा नट सोडा. घाई केलीत तर स्प्रिंग थेट तोंडावर येते.

कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे रबरी सांध्याचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. हवेत आवळले की रबर पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्याच दिवशी. टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला राहिला तर टायरची आतली कड झिजून तारा दिसू लागतात, आणि बाहेरून पत्ताही लागत नाही.