नवरा-बायकोने मिळून हाफ मॅरेथॉन कशी धावावी

हाफ मॅरेथॉन म्हणजे जवळपास 21.1 किलोमीटर. किलोमीटरला 6 मिनिटं या वेगाने ती साधारण 2 तास 7 मिनिटांत संपते, 8 मिनिटांच्या वेगाने 2 तास 49 मिनिटांत. एकाच घरातल्या दोघांच्या वेगात एवढा फरक सर्रास असतो. म्हणून ‘जोडीने धावू’ म्हणजे नेमकं काय करू, हे नोंदणीचे पैसे भरायच्या आधी ठरायला हवं. उदाहरण म्हणून इथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन घेते. 2012 पासून होणारी ही शर्यत महाराष्ट्रातल्या धावणाऱ्यांना चांगलीच ओळखीची आहे. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कास रस्त्यावरून परत फिरायचं आणि आल्या वाटेने उतरायचं.

१. आधी बोला, मग नाव नोंदवा

जोडीने धावण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर. दुसरी, ठरलेल्या ठिकाणापर्यंत बरोबर आणि पुढे ज्याच्या-त्याच्या वेगाने. तिसरी, एकच शर्यत, पण आपापली. साताऱ्यासारखा जाऊन-परत येण्याचा मार्ग असेल तर तिसऱ्या रीतीतही वाटेत एकमेकांना समोरासमोर भेटता येतं, आणि तेवढ्या भेटीनेही अंगात बळ येतं.

पहिली रीत निवडलीत तर वेग हळू धावणाऱ्याचाच, यात तडजोड नको. पुढे धावून वळून बघणं, दर किलोमीटरला ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणणं आणि सर्वांत वाईट म्हणजे सतत अर्धं पाऊल पुढे राहणं, यातलं काहीही केलंत तर मागचा माणूस स्वतःची शर्यत सोडून तुमचा पाठलाग करत राहतो. वेगवान जोडीदाराने खांद्याला खांदा लावून किंवा किंचित मागे धावावं. घड्याळ बघायचं काम हळू धावणाऱ्याकडे द्या. माझ्या मते या एका गोष्टीने निम्मी भांडणं टळतात. वेगवान माणसाला स्वतःची उत्तम वेळ काढायची असेल तर त्याने ते मोकळेपणाने सांगावं आणि त्यासाठी वर्षातली वेगळी शर्यत ठेवावी.

२. सराव: रविवार एकत्र, बाकी दिवस आपापले

सलग 5 किलोमीटर आरामात धावता येत असेल तर 14 ते 16 आठवडे हाताशी ठेवा. आठवड्यात तीन किंवा चार दिवस धावणं, दोन दिवस पायांचे आणि पोटाचे व्यायाम. एकत्र धावायचं ते फक्त रविवारच्या लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब धावेला, कारण तो गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाने करायचा असतो. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झालाय, असं समजा. ही पारख जोडीदाराइतकी सोपी दुसऱ्या कुणाला नाही. अंतर हळूहळू वाढवत 18 किलोमीटरपर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्यात थोडं कमी करा आणि शेवटचे दोन आठवडे पायांना आराम द्या.

घाटाची शर्यत असेल तर चढाचा सराव घाटातच करायला हवा. पुण्याचे लोक बोपदेव घाटात जातात, ठाण्याचे येऊरला. चढावर 4 मिनिटं धावणं आणि 1 मिनिट चालणं हा हिशेब दोघांनाही जमतो. उतरायचाही सराव करा. साताऱ्यात दमछाक चढावर होते, पण मांड्या धरतात त्या उतारावर. पावलं लहान ठेवा, अंग फार मागे झुकवू नका.

लग्नाच्या जोडीला अजून एक प्रश्न असतो, तो घराचा. पहाटे पाचला दोघंही बाहेर पडणार, तर मुलांजवळ कोण थांबणार? आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विचारा, गृहीत धरू नका. नसतील तर आठवड्यातले दिवस वाटून घ्या: मंगळवार-गुरुवार तिचे, बुधवार-शुक्रवार त्याचे. डबे आणि शाळेची तयारी त्या-त्या दिवशी घरी असलेल्याने करायची. बहुतेक घरांत बायकोचाच सराव बुडतो, आणि मग शर्यतीत ‘तिला झेपत नाही’ असं म्हटलं जातं. हा अन्याय आहे. सराव सुरू करण्याआधी दोघांनी डॉक्टरांकडे जाऊन या. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर नक्कीच. बायकांनी हिमोग्लोबिन जरूर तपासावं. ते कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम लागतो.

३. बिब आणि संपर्काचा नंबर

फॉर्मवर आपत्कालीन संपर्क म्हणून आपण सवयीने जोडीदाराचा नंबर लिहितो. पण जोडीदार त्याच वेळी रस्त्यावर धावत असतो आणि त्याचा फोन बॅगेत असतो. तिथे भाऊ, नणंद, शेजारी अशा घरी असणाऱ्या कुणाचा तरी नंबर द्या. बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद; त्याची अदलाबदल करू नका. बिबवरच्या नंबरावरूनच वैद्यकीय पथक तुमची माहिती शोधतं.

मोठ्या शर्यतींत आधीच्या वेळेनुसार सुरुवातीचे गट पाडतात, त्यामुळे तुमचे गट वेगळे येऊ शकतात. सहसा पुढच्या गटातल्याला मागे येऊन उभं राहू देतात, मागच्याला पुढे जाऊ देत नाहीत. नियम वाचून घ्या. वेळ प्रत्येकाजवळच्या चिपवर मोजली जाते, ती तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासून, त्यामुळे मागून निघाल्याने तुमची वेळ वाया जात नाही.

४. शर्यतीची सकाळ

नवे बूट, नवे कपडे, नवा खाऊ काहीच नको. निघायच्या दीड-दोन तास आधी केळं किंवा ब्रेड-जॅम, जे सरावात पचलंय तेच. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावा. वाटेत खायला खजूर, चिक्की किंवा एनर्जी जेल (पुडीतलं गोड, घट्ट द्रव) दोघांनी आपापल्या खिशात ठेवावं. एकाकडेच ठेवलं आणि चुकामूक झाली तर दुसरा उपाशी राहतो. पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पिणंही धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम घसरतं. रस्त्यावर दोघांपेक्षा जास्त जण शेजारी-शेजारी धावू नका, आणि चालायचं असेल तर कडेला या.

५. एकाला थांबावं लागलं तर

हे आदल्या रात्री स्पष्ट बोलून ठेवा. साधा गोळा आला किंवा पोट बिघडलं, तर दुसऱ्याने पुढे जायचं की थांबायचं? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त ती आधी ठरलेली असावीत. छातीत दुखणं, चक्कर, बोलण्यात गोंधळ, घाम एकदम थांबणं यांपैकी काही दिसलं तर मात्र दोघांनीही जागीच थांबायचं आणि स्वयंसेवकाला हाक मारायची. ‘काही नाही, मी ठीक आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका. तुम्ही या माणसाला रोज बघता. चेहरा बदललाय हे अनोळखी डॉक्टरच्या आधी तुम्हाला कळेल.

६. शेवटची रेघ आणि पुढचे दोन दिवस

हात धरून रेघ ओलांडायची असेल तर कडेने ओलांडा आणि वेळ नोंदवणाऱ्या मॅटवर थांबू नका, मागून जोरात येणारे असतात. दहा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला, तासाभरात नीट जेवा. उताराच्या शर्यतीनंतर मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतात. दोघांचेही पाय एकाच वेळी दुखणार असल्याने सोमवारच्या भाजीपाल्याची आणि मुलांना शाळेत सोडण्याची व्यवस्था आधीच लावून ठेवा. जमलं तर एकाने सुट्टी घ्या. गाडीने परत जायचं असेल तर चालवायला तिसरा कुणी तरी बघा.