मोर्चाचा व्हिडिओ आला? पुढे पाठवण्याआधी

मी जळगावला एका दैनिकाचं परदेश पान लावतो. भुसावळहून अप-डाउन असल्यामुळे डब्यातली मंडळी हक्काने मोबाईल पुढे करतात, "भो, हे खरं आहे का?" केळीच्या भावाच्या ग्रुपवर मध्येच तेहरानचा नाहीतर ढाक्याचा मोर्चा येऊन पडतो. तो कसा बघायचा, ते एकदाच लिहून टाकतो.

आधी आवाज बंद करा. आवाज दुसऱ्याच मोर्चाचा चिकटवता येतो, आणि घोषणा कानावर पडली की डोळे बघायचं विसरतात. आता रस्ता बघा. बांगलादेशात वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, इराण आणि म्यानमारमध्ये उजवीकडून. पाट्यांवरची अक्षरं गोल गरगरीत असतील तर बर्मी, म्हणजे म्यानमारची, असावीत. अरबी वळणाच्या लिपीत खाली तीन टिंबांचं अक्षर दिसलं, तर बहुधा फारसी किंवा उर्दू. मथळा ढाक्यातल्या जुलैचा आणि लोकांच्या अंगात स्वेटर, असं असेल तर पुढे बघायची गरजच नाही.

मग तीन-चार ठिकाणी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सला (फोटोवरून नेटवर शोधणारी सोय) द्या. पूल, मिनार, दुकानाची पाटी असलेली फ्रेम घ्या. नुसती डोकी जगात सगळीकडे सारखीच दिसतात. काहीच सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असं मात्र नाही. आणि फाइलवर दिसणारी तारीख धरून बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलची तारीख ती तुमच्याकडे आली तेव्हाची असते.

मोर्चे पेटले की सरकार कधीकधी नेटच तोडतं, तेव्हा नेट कधी बंद होतं, हेही बघा. इजिप्तमध्ये 28 जानेवारी 2011 च्या पहाटे नेट तोडलं, ते 2 फेब्रुवारीला परत आलं. म्यानमारमध्ये 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच महिन्यात रात्री एक ते सकाळी नऊ नेट बंद ठेवायला सुरुवात केली. बांगलादेशातही जुलै 2024 मध्ये नेट बंद केलं होतं. अशा दिवसांतला व्हिडिओ उशिरा बाहेर आला म्हणून खोटा ठरत नाही. उलट पूर्ण बंदीच्या काळात कुणी 'लाइव्ह' म्हणून काही दाखवत असेल, तर ते बाहेर आलं कसं, हे आधी विचारा.

व्हिडिओ खरा निघाला की लोक तो पुढे पाठवत सुटतात, आणि खरी भीती तिथेच आहे. 20 जून 2009 ला तेहरानमध्ये मोर्चांच्या वेळी नेदा आगा-सोल्तान ही तरुणी गोळी लागून मरण पावली. तिचा व्हिडिओ जगभर फिरला. कुणीतरी नावावरून फेसबुकवर फोटो शोधला आणि तो निघाला जवळपास त्याच नावाच्या, जिवंत असलेल्या एका प्राध्यापिकेचा. वाहिन्यांनी तोच नेदाचा म्हणून दाखवला. "ही मी नाही" असं ती सांगत राहिली, कुणी ऐकलं नाही. गुप्तचर खातं मागे लागलं आणि तिला देश सोडावा लागला. तेव्हा नावावरून फोटो शोधून जोडू नका, कितीही कळवळा आला तरी.

त्याच वर्षी इराणी यंत्रणेने मोर्चातल्या लोकांचे फोटो नेटवर टाकून 'यांना ओळखा' असं जनतेला सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही कौतुकाने पाठवलेला चेहरा तिथे पोलिसांच्या कामी येतो. फोटोत चेहऱ्यावर गडद काळा चौकोन टाका. हलका ब्लर पुरत नाही. शाळेचा गणवेश, टॅटू, घराचा दरवाजा, गाडीचा नंबर हेही झाका. व्हिडिओत हे जमत नसेल तर फाइल पाठवू नका, विश्वासू वृत्तसंस्थेची लिंक द्या. आणि सोबत जेवढं कळलं तेवढंच लिहा: "शहर पटलं, तारीख पटली नाही." ग्रुपवर कुणी यावर हसेल, हसू द्या.