घरासाठी निर्विष वस्तू कशा निवडाव्यात: ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत

दुकानाच्या फळीवर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘नैसर्गिक’ किंवा ‘हर्बल’ असा शब्द छापलेली बाटली दिसली की आपण निर्धास्त होतो. पण हा शब्द फार तर वस्तू कशापासून निघाली एवढे सांगतो; ती अंगाला लागली, श्वासात गेली किंवा पोटात गेली तर काय करील, हे सांगत नाही. कण्हेर अंगणातच फुलते आणि तिचे सर्व भाग विषारी असतात. कापूर रोजच्या आरतीत असतो, पण रांगत्या मुलाने त्याची वडी गिळली तर त्याला झटके येऊ शकतात. उलट खायचा सोडा बहुतेक वेळा कारखान्यात तयार होतो आणि तरीही तो घरातल्या सर्वांत निरुपद्रवी वस्तूंपैकी एक आहे. म्हणून ‘हे नैसर्गिक आहे का’ असे विचारण्याआधी ‘यात नेमके काय आहे आणि ते घरातल्या कोणाच्या शरीरात कोणत्या वाटेने जाणार आहे’ असे विचारावे.

पहिली पायरी: घरात काय आहे ते मांडून पाहावे

सुटीच्या दिवशी सकाळी ओट्याखालचे, न्हाणीघरातले आणि कपड्यांच्या कपाटातले सगळे डबे आणि बाटल्या बाहेर काढाव्यात आणि त्यांचे तीन गट करावेत. मच्छर अगरबत्ती, कॉइल, खोलीत फवारायचे सुगंध, डांबरगोळ्या आणि फिनेल यांचा वास किंवा धूर श्वासात जातो. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा हाताला लागतो. ज्यांत अन्न शिजते किंवा ठेवले जाते आणि मूल ज्या तोंडात घालते, त्या सगळ्या वस्तू तिसऱ्या गटात येतात. बदलाला सुरुवात पहिल्या गटापासून करावी, कारण हात धुता येतात, पण बंद खोलीत रात्रभर घेतलेला श्वास धुता येत नाही. दुसऱ्या गटाचा विचार करताना घरकामाला येणाऱ्या मावशींचेही हात डोळ्यांसमोर असावेत. चार घरांची भांडी घासणाऱ्या हातांना तोच साबण चौपट लागतो.

दुसरी पायरी: लेबल वाचावे

साफसफाईच्या बहुतेक बाटल्यांवर घटकांची पूर्ण यादी नसते, तरी जेवढे छापले आहे तेवढे पुष्कळ सांगते. संडास साफ करण्याच्या लिक्विडवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लिहिलेले सापडेल, ब्लीचवर सोडियम हायपोक्लोराइट. ही दोन्ही कधीही एकत्र करू नयेत, एकामागून एक लगेच ओतूही नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहान न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू मिसळले तरी हाच धोका असतो. एकट्या ‘परफ्यूम’ या शब्दामागे कितीतरी रसायने असू शकतात, म्हणून घरात दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर बिनवासाची वस्तू घ्यावी.

कीटकनाशकांच्या वेष्टनावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा रंग येथे ‘कमी विषारी’ असे सांगतो, ‘निर्विष’ असे नव्हे. त्याचबरोबर नोंदणी क्रमांक पाहावा. केवळ ‘हर्बल’ लिहिलेली, पण चौकोन आणि क्रमांक दोन्ही नसलेली मच्छर अगरबत्ती घेऊ नये, कारण तिच्यात काय जळते आहे हे तपासायला आपल्या हातात काहीच उरत नाही. सरकारची ‘इकोमार्क’ ही खूणही आहे. 1991 मध्ये सुरू झालेल्या मूळ योजनेचे चिन्ह मातीचे मडके होते. मात्र ती खूण असलेल्या वस्तू दुकानात क्वचितच दिसतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

तिसरी पायरी: साफसफाईच्या वस्तू बदलाव्यात

येथे चार वस्तू पुरतात: खायचा सोडा, सायट्रिक अ‍ॅसिड, रिठे आणि साधा बिनवासाचा साबण.

रिठे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालावीत आणि सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळावीत. पातेले मोठे घ्यावे, कारण फेस पाहता पाहता काठावरून उतू जातो. गार झाल्यावर टरफले हाताने कुस्करावीत. पाणी मधासारख्या रंगाचे आणि बोटांना बुळबुळीत लागते. मग ते दुहेरी फडक्यातून गाळावे आणि फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावे. रेशमी आणि लोकरी कपडे, दागिने आणि हलकी तेलकट भांडी याने चांगली निघतात. फिकट कपड्यांवर मात्र तपकिरी छटा येऊ शकते, म्हणून आधी कोपऱ्यावर पाहावे. डोळ्यांत गेल्यास रिठा फार झोंबतो, हेही मुलांना सांगून ठेवावे.

बोअरच्या पाण्याने नळावर आणि बादलीवर चढलेला पांढरा थर सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून फडके भिजवावे, ते नळाभोवती पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवावे आणि मग घासणीने घासावे. खरकटे चिकटलेल्या भांड्यांना आणि ओशट ओट्याला खायचा सोडा ओला करून चोळावा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे, पण ते दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती जवळजवळ पाणीच उरते. दोन्ही वेगवेगळे वापरावेत.

आता एक सावधगिरी, जी मी स्वतः नुकसान करून घेऊन शिकले. संत्र्या-मोसंब्यांच्या साली, गूळ आणि पाणी 3:1:10 या प्रमाणात तीन महिने आंबवून केलेले बायोएन्झाइम मी मोठ्या विश्वासाने आमच्या कडप्प्याच्या ओट्यावर रोज वापरत होते. महिन्याभरात गॅसच्या शेगडीजवळचा काळा कडप्पा करडा, खरखरीत झाला आणि त्यावर थेंबांचे पांढरे ठसे उमटले. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड आहेत आणि आम्लाने चुना विरघळतो. या फरश्यांवर लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक अ‍ॅसिड किंवा बायोएन्झाइम लावू नये. कोमट पाणी आणि थोडा साबण पुरतो. ग्रॅनाइटला आणि सिरॅमिकच्या टाइल्सना ही अडचण सहसा येत नाही. बायोएन्झाइम घरी करायचेच असेल तर काचेची बरणी घेऊ नये आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून आतला वायू जाऊ द्यावा.

घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील तेव्हा मात्र साबण आणि रिठ्यावर थांबू नये. आधी घाण पुसून साबणाने धुवावे आणि मग लेबलवर 5 टक्के तीव्रता असलेले ब्लीच लिटरभर पाण्यात 20 मिलि मिसळून, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून तो भाग पुसावा. योग्य वेळी, योग्य प्रमाणात वापरलेले ब्लीच हीसुद्धा जबाबदार निवड आहे.

चौथी पायरी: डास आणि कसर

2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छर कॉइलचा धूर मोजला गेला, तेव्हा एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात असे आढळले. कडुनिंबाचा पाला जाळला तरी धूर हा धूरच असतो. बाळंतिणीच्या खोलीत तर तो नकोच. खिडक्यांना जाळी आणि रात्री मच्छरदाणी हा आजही सर्वांत निर्विष उपाय आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावावी. त्याच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळून कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि पाण्याचे पिंप रिकामे करून घासले, तर ती साखळी घरातच तुटते.

डांबरगोळ्यांबद्दल मी आग्रहाने लिहिते आहे. त्यांतले नॅफ्थलीन काही बाळांच्या तांबड्या पेशी फोडते. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या मुलांना त्याने तीव्र रक्तक्षय आणि कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे हे बहुतेक घरांना आधी ठाऊक नसते. आजीने जपून ठेवलेली दुपटी आणि टोपडी डांबरगोळ्यांच्या वासासकट बाळाला घालू नयेत. ती धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावीत आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरावीत. पुढे कपाटात वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत ठेवावेत, आणि कपडे वर्षातून दोनदा उन्हे दाखवून झटकावेत. झटकण्याचे काम चुकवू नये, कारण कसरीची अंडी त्यानेच पडतात.

पाचवी पायरी: देव्हारा आणि भिंती

पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. मूर्तीला लावल्यावर हात साबणाने धुवावेत, मुलांच्या कपाळाला किंवा तोंडाला तो लागू देऊ नये आणि डबी उंचावर ठेवावी. रंगकामासाठी 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 90 भाग अशी ठरलेली आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहून घ्यावा. त्याआधीच्या भिंती दिवाळीपूर्वी कोरड्या घासू नयेत. पृष्ठभाग ओला करून घासावा, आणि तेवढे दिवस लहान मुलांनी दुसरीकडे राहिलेले बरे.

शेवटची पायरी: बदल आणि साठवण

सगळे एकाच दिवशी बदलू नये. एका वेळी एक वस्तू बदलून दोन आठवडे वापरावी, म्हणजे कोणाच्या हाताला पुरळ आले किंवा ठसका लागला तर कारण लगेच कळते. नको असलेले अ‍ॅसिड आणि कीटकनाशके मोरीत ओतू नयेत; मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, घरातील घातक कचरा म्हणून वेगळी द्यावीत. घरी केलेले द्रावण, मग ते रिठ्याचे असो की बायोएन्झाइमचे, पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, आतले द्रावण ओळखत नाही. प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख लिहून चिकटवावी, ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावी. कोणी काही प्यायलेच तर उलटी करवू नये, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा किंवा 108 ला फोन करावा.