'मोटिव्ह' म्हणजे हेतूच? मराठीत लिहिताना या चुका टाळा

पणजीत मराठी मजकूर तपासायला बसले की आठवड्यातून एकदा तरी 'मोटिव्ह' समोर येतोच, आणि लिहिणाऱ्याने डोळे झाकून 'हेतू' लिहिलेलं असतं. एरवी खपून जातं. कोर्टाच्या बातमीत नाही; तिथे हेतू (मोटिव्ह) वेगळा आणि उद्देश (इंटेन्शन) वेगळा.

'हेतू नसतानाही शिक्षा' असा मथळा एकदा मीच दिला होता. सकाळी एका वकिलाचा फोन: "बाय, आरोपी चुकून गुन्हा करून बसला असं वाटतंय लोकांना!"

काजूच्या दिवसांतलं उदाहरण घ्या. शेजाऱ्याच्या बागायतीतले बोंडू कुणी पोत्यात भरून नेले. ते लांबवायचे हे ठरवूनच तो आत शिरला, हा उद्देश. देणं फेडायचं होतं की मेरेवरून, म्हणजे बांधावरून, जुना राग होता, हा हेतू. सकाळी झालेली बाचाबाची नुसतं निमित्त. चोरीत लबाडीचा उद्देश सिद्ध करावाच लागतो. हेतू त्या गुन्ह्याच्या व्याख्येत बसतच नाही. तो पुराव्यात येतो. पूर्वी १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ८मध्ये होता, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६मध्ये आहे. विश्वासार्ह प्रत्यक्ष साक्षीदार असला तर हेतू सापडला नाही म्हणून खटला पडत नाही. नुसत्या परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा असेल, तर मात्र हेतूला वजन येतं.

खरी गोम 'हेतुपुरस्सर'मध्ये आहे. शब्द हेतूचा, अर्थ उद्देशाचा! त्यामुळे 'हेतू सिद्ध नाही, पण कृत्य हेतुपुरस्सर' असं वाक्य तयार होतं आणि वाचक चक्रावतो. तिथे सरळ 'जाणूनबुजून' लिहावं.

न्यायदर्शनातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, हेतू तर आणखी वेगळा. 'डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो' यात धूर हा हेतू. आता धुराच्या मनात काय असणार?

रेल्वेच्या मजकुरात 'मोटिव्ह पॉवर' आलं तर इंजिनं म्हणा, पुढे चला.

आणि पणजीतल्याच फोंतेन्यश या जुन्या वस्तीतल्या अझुलेजो, म्हणजे रंगवलेल्या चकचकीत पोर्तुगीज फरश्यांच्या वर्णनात मला 'फुलांचे हेतू' सापडले होते. पोर्तुगीज 'मोतिवु'ला कारण आणि नक्षीतला घटक असे दोन्ही अर्थ आहेत. पूर्वीच्या इंग्रजी लिखाणातही 'मोटिव्ह' नक्षीसाठी दिसतो. कोशात 'आकृतिबंध' मिळेल, पण सरकारी कचेरीत आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता. मी 'नक्षी' लिहिते.