नवीन पळायला लागलात? आधी हळू पळा, आणि सुट्टीचा दिवस बुडवू नका

पहिल्याच आठवड्यात दोन मिनिटांत धाप लागली म्हणून "हे आपलं काम नाही" असं ठरवून शूज माळ्यावर टाकणारे खूप जण बघितलेत आणि खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेकांचं एकच चुकत असतं, ते फार फास्ट पळत असतात. दम कमी नसतो हो, स्पीड जास्त असतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच पळायचं. एकटे असाल तर बाराचा पाढा मोठ्याने म्हणून बघा, मध्येच तुटला की स्पीड कमी करा. बाजूने कोणी भरभर चालत पुढे गेलं तरी जाऊ द्या.

आणि मध्ये चालायची लाज अजिबात बाळगू नका. जेफ गॅलोवे, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर पळालेला माणूस, त्याने आयुष्यभर लोकांना थोडं पळा थोडं चाला हेच शिकवलं. १९९६ मध्ये जॉश क्लार्कने केलेला 'काउच टू फाइव्ह के' (म्हणजे सोफ्यावरून ५ किलोमीटरपर्यंत) प्लॅनही तसाच आहे, आठवड्यात ३ दिवस, पहिल्या आठवड्यात आधी ५ मिनिटं भरभर चालणं, मग ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं असं आलटून पालटून २० मिनिटं. नऊ आठवड्यांचा आहे पण तुम्हाला पंधरा लागले तरी काय बिघडलं, एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा.

आता दुखण्याचं. पळून आल्यावर त्या दिवशी काहीच वाटत नाही, दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. घाबरू नका, हे नॉर्मल आहे, २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं. "लॅक्टिक ॲसिड साचलं" असं सगळे सांगतात पण ते तर साधारण तासाभरात निघून जातं, हे दुखणं स्नायूंना सवय नसलेल्या कामामुळे झालेल्या बारीक इजेचं आहे. त्यात उतारावर स्नायू ताणले जात असताना जोर लावतात म्हणून जास्त दुखतं. पुण्यात हनुमान टेकडी किंवा तळजाईला जात असाल तर चढताना दम लागतो आणि उतरताना मांड्यांची वाट लागते, तेव्हा सुरुवातीला उतार चालतच उतरा. दुखत असताना दिवसभर पडून राहू नका, १५-२० मिनिटं साधं चाला, पाय मोकळे होतात.

सगळ्यात जपायचं ते तिसऱ्या चौथ्या आठवड्यात, कारण तेव्हा दम सुधारलेला असतो, मजा यायला लागते आणि माणूस एकदम रोज पळायला लागतो, पण हाडं आणि स्नायूबंध छाती-फुप्फुसांच्या मानाने फार सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. मग नडगी धरते. अशा वेळी घरी बसून अंगठ्याने नडगीची आतली कड वरून खाली दाबत जा. बऱ्याच लांबीत हुळहुळत असेल तर काही दिवस पळणं बंद, चालणं किंवा सायकल चालेल, आणि एकाच ठिकाणी बोट ठेवलं की जोरात कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, लंगडावं लागत असेल तर सरळ ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा, हाडाला बारीक तडा असू शकतो. पेनकिलर घेऊन पळायला जाणं तर नकोच नको, दुखणं कळणारच नाही आणि इजा वाढेल. आणि पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरला दाखवा.

म्हणून एक दिवस पळा, एक दिवस सुट्टी. शरीर सुट्टीच्या दिवशीच भरून निघतं, आणि त्यातही झोपेत. रात्री एकला झोपून पहाटे पाचला पळायला उठण्यापेक्षा त्या दिवशी झोपा, मनापासून सांगतो.

खाण्याचं फार डोक्यावर घेऊ नका. पळायच्या आधी अर्धं केळं, आल्यावर तासा दोन तासांत नीट जेवण किंवा नाष्टा, मटकीची उसळ-भाकरी, दोन उकडलेली अंडी, दही-भात, काहीही चालतं, महागड्या पावडरची गरज नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम खूप जातो, तिथे मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत उत्तम.

शूज संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवा नाहीतर नखं काळी पडतात. मांड्या घासत असतील तर व्हॅसलीन लावा.

मध्येच ताप आला, लग्नसराई आली, पाऊस आठवडाभर थांबलाच नाही, खंड हा पडणारच. आठवडाभर सुटलं तर प्लॅनमध्ये एक आठवडा मागे जाऊन सुरू करा, महिनाभर सुटलं तर परत ६० सेकंदांवर या, आणि ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटेपर्यंत नुसतं चाला.