ईजीआर वॉल्व साफ करायचाय? आधी तो आतून कसा बनवलाय ते ओळखा

डिझेल गाडीचं पिकअप पडलं, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, हादरायला लागली, चेक इंजिनची लाईट पेटली, की गॅरेजात पहिला शब्द कानावर येतो तो ईजीआर, म्हणजे जळलेला गॅस परत इंजिनात सोडणारा वॉल्व. आणि उपाय दोनच सांगतात, नवीन वॉल्व टाका नाहीतर गॅसच्या वाटेवर प्लेट मारून तो बंद करून टाका. मला दोन्ही घाईचे वाटतात. बऱ्याच वेळा वॉल्व मेलेला नसतो, काजळीने अडकलेला असतो आणि घरच्या घरी साफ होतो, पण कसा साफ करायचा, कुठे स्प्रे मारायचा आणि कुठे अजिबात नाही, हे सगळं त्याच्या बनावटीवर ठरतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी हे वाचा.

काम काय करतो ते थोडक्यात. जळून बाहेर पडणाऱ्या गॅसमधला काही भाग हा वॉल्व परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, सोडतो. त्या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साईड, वाफ जास्त, त्यामुळे सिलिंडरमधलं जळण थोडं मंद होतं, वरचं तापमान उतरतं, आणि नायट्रोजन ऑक्साईड तयार होणं कमी होतं, कारण तो गॅस फार गरम ठिकाणीच भराभर बनतो. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ हा प्रदूषणाचा नियम आला तेव्हा डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली, म्हणजे या वॉल्वला किती काम आहे बघा. डिझेलमध्ये आयडल आणि हलक्या लोडला तो भरपूर उघडतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बंद होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ओळखायचं कसं. बॉनेट उघडा, इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारा जाड लोखंडी किंवा स्टीलचा पाईप शोधा, बहुतेक वेळा तो एक्झॉस्टच्या बाजूने येतो, त्याच्या एका टोकाला वॉल्व असतो. वॉल्वच्या डोक्यावर पत्र्याची गोल चपटी डबी असेल आणि तिला एक बारीक रबरी नळी जोडलेली असेल तर तो व्हॅक्यूमवाला, जुन्या गाड्यांत हाच. काळी प्लास्टिकची टोपी आणि पाच-सहा पिनांचा कनेक्टर असेल तर मोटरवाला. पेट्रोल गाडी असेल तर आधी वॉल्व आहे का तेच बघा, कारण बऱ्याच नव्या पेट्रोल इंजिनांत कॅमशाफ्टचं टायमिंग पुढेमागे करून जळलेला गॅस सिलिंडरमध्येच थोडा ठेवतात, वेगळा वॉल्व नसतोच.

व्हॅक्यूम असो की मोटर, आत बहुधा पॉपेट असतो, म्हणजे दांडीला लावलेली चकती जी सीटवर बसते. स्प्रिंग तिला बंद धरून ठेवते आणि व्हॅक्यूम किंवा मोटर तिला उचलते. इथे एक साधा हिशोब आहे जो सगळ्यांना माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. चकती उचलली की गॅसला जी जागा मिळते ती म्हणजे चकतीचा परीघ गुणिले उचल. समजा चकती २४ मिमी व्यासाची आहे, तर १ मिमी उचलली की साधारण ७५ चौरस मिमी जागा उघडते. भोकाचं स्वतःचं क्षेत्रफळ ४५० च्या आसपास, म्हणजे ६ मिमी उचलली की झालं, त्याच्यावर उचलून काही जास्त मिळत नाही, व्यासाचा चौथा भाग एवढीच कामाची उचल. आता उलटा विचार करा, सीटवर कार्बनचा कण अडकला आणि चकती फक्त अर्धा मिमी वर राहिली तरी ३७ चौरस मिमीची फट कायम उघडी, तीही फुल लोडला जेव्हा वॉल्व पक्का बंद पाहिजे तेव्हा. काळा धूर, पडलेलं पिकअप इथून येतं. एवढ्याशा कणाने. म्हणून साफ करताना सगळा जीव सीटवर आणि चकतीच्या कडेवर लावायचा, बाहेरून चकचकीत केलेल्या बॉडीला काही किंमत नाही.

दुसरी जात फ्लॅपवाली, थ्रॉटलसारखी फिरणारी पाकळी. हिला उघडायला ताकद कमी लागते, गॅसचा रस्ता मोकळा, पण पूर्ण बंद व्हायच्या बाबतीत पॉपेटपेक्षा कच्ची, कडेने थोडं गळतंच. शिवाय बंद स्थितीतून पहिले काही अंश फिरली तरी जागा फार उघडत नाही, आणि नेमकी तिथेच काजळीची कड साठते आणि पाकळी चिकटते. हा प्रकार लो प्रेशर ईजीआरमध्ये जास्त शोभतो, म्हणजे जिथे गॅस डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, पुढून, गाळलेला आणि थंड घेतात आणि टर्बोत हवा शिरायच्या आधी सोडतात. हाय प्रेशरमध्ये एक्झॉस्टचा गॅस टर्बोत पोचायच्या आधीच घेतात, गरम आणि काजळीने भरलेला, म्हणून तिथला वॉल्व लवकर घाण होतो.

खोलायच्या आधी दोष खरंच वॉल्वचा आहे का ते बघा. गाडीतले एरर कोड वाचणारा स्कॅनर लावा, साधा ब्लूटूथवाला चालेल. पी ०४०१ म्हणजे गॅस कमी जातोय, पी ०४०२ म्हणजे जास्त, पी ०४०३ म्हणजे वायरिंगचा प्रॉब्लेम, पी ०४०४ म्हणजे सांगितलेल्या जागी वॉल्व जात नाही, ०४०५ आणि ०४०६ पोझिशन सेन्सरचे. पण कोड आला म्हणून लगेच वॉल्व काढू नका. बऱ्याच डिझेल गाड्यांत ईजीआरमधून किती गॅस गेला हे मोजणारा वेगळा सेन्सर नसतो, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरकडून ताजी हवा किती कमी झाली ते बघून अंदाज बांधतो. म्हणजे एमएएफ मळलेला असला किंवा टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला चीर असली तरी कोड ईजीआरचाच येऊ शकतो. म्हणून होज हाताने चेपून, क्लॅम्प घट्ट आहेत का बघून, एमएएफ त्याच्याच क्लीनरने साफ करून मगच पुढे जा. इंजिन गरम करून आयडलवर लाईव्ह डेटा बघा, ईजीआर उघडायची कमांड वाढली की एमएएफचा आकडा खाली आला पाहिजे. येत नसेल तर रस्ता चोकअप आहे नाहीतर वॉल्व हलत नाही.

गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी, मोरजी, कळंगुट, कोलवा, बेतुल या पट्ट्यातल्यांनी, कनेक्टर आवर्जून काढून बघावा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, पिनांवर हिरवा थर धरतो आणि सेन्सरला मिळणारे ५ व्होल्ट नीट पोचत नाहीत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवलं की कधी कधी काम तिथेच संपतं.

व्हॅक्यूमवाल्याची परीक्षा अजून सोपी. मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिली ची मोठी सिरिंज घ्या, नळीच्या तुकड्याने डबीच्या नाकाडाला जोडा आणि दट्ट्या ओढून धरा. आतली दांडी वर जाऊन तिथेच राहिली तर डायफ्रॅम, म्हणजे डबीतला रबरी पडदा, चांगला, हळूहळू खाली आली तर आधी नळीचा जोड हवा खातोय का बघा, तो घट्ट असेल तर डायफ्रॅम फाटलाय, आणि फाटलेल्यावर साफसफाईचा उपयोग नाही. पेट्रोल इंजिनात आयडलवर असं केलं तर इंजिन अडखळलं पाहिजे किंवा बंद पडलं पाहिजे, काहीच फरक पडला नाही तर पॅसेज बुजलाय. डिझेलमध्ये एवढा झटका जाणवत नाही, फक्त आवाज बदलतो.

आता काढायचं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, हे दोनदा सांगतो कारण वॉल्व एक्झॉस्टच्या गॅसवर तापतो आणि आपण त्याच्याजवळ ज्वालाग्राही स्प्रे मारणार आहोत. बॅटरीची निगेटिव्ह काढा. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, आपल्या हवेत हे बोल्ट धरून बसतात आणि जोर केला की डोकं तुटतं, मग ड्रिल करायची वेळ येते. काही गाड्यांत वॉल्व ईजीआर कूलरलाच, म्हणजे तो गॅस कूलंटने थंड करणाऱ्या भागाला, जोडलेला असतो, तिथे कूलंट आधी खाली घ्यावं लागतं. खोलताना जुन्या गॅस्केटची दिशा बघून ठेवा, फोटो काढा. हातमोजे आणि मास्क घाला, डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच पक्कं सांगितलंय आणि वॉल्वमधली ती काळी पूड श्वासात घ्यायची काही गरज नाही.

साफ करताना वॉल्व असा धरा की चकतीची बाजू खाली आणि मोटर वर. असं केलं की क्लीनर खालीच ठिबकतो, दांडीवरून चढून मोटर आणि सेन्सरमध्ये जात नाही. अख्खा वॉल्व बादलीत बुडवणारे लोक बघितलेत मी, इलेक्ट्रिक वॉल्वचा जीव तिथेच जातो. कार्ब क्लीनर किंवा ईजीआर क्लीनर मारा, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, जुना टूथब्रश आणि बांबूची काडी घेऊन खरवडा. सीटवर स्क्रूड्रायव्हर, वायर ब्रश, पॉलिश पेपर काही नको, एक ओरखडा पडला तरी गळती कायमची. कॉस्टिक सोडा पण नको, ॲल्युमिनियमची बॉडी खातो तो. मोटरवाल्याची चकती बोटाने दाबून उघडझाप करू नका, आतली गिअरची चाकं प्लास्टिकची असू शकतात, दात तुटतात. स्कॅनरवर ॲक्च्युएटर टेस्ट, म्हणजे स्कॅनरने वॉल्व हलवायची सोय, असेल तर बॅटरी तेवढ्यापुरती परत लावून, वॉल्व कनेक्टरला जोडून त्याने उघडा, बोटं आणि स्प्रे लांब ठेवून, आणि उघड्या स्थितीत आत दिसणारी घाण कनेक्टर काढून मग साफ करा.

नुसता वॉल्व साफ करून थांबू नका, मॅनिफोल्डचं तोंड आणि पाईपही बघा, कधी कधी चार आण्याएवढंच भोक उरलेलं असतं. पाईप सुटा असेल तर तो रात्रभर रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवला तरी चालतो, त्यात इलेक्ट्रिक काही नसतं. मॅनिफोल्डच्या आत मात्र खरवडलेले तुकडे पडू देऊ नका, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने ओढून घ्या, पण स्प्रे पूर्ण उडून गेल्यावरच, त्याच्या वाफा मोटरच्या ठिणगीने पेटतात. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनर भसाभस मारू नका, व्हिडिओत करतात म्हणून. डिझेल इंजिन तो स्प्रेच इंधन म्हणून जाळतं आणि आरपीएम हाताबाहेर जाऊ शकतो, चावी फिरवून पण थांबत नाही.

झालं की गळतीची परीक्षा घ्या. चकती बंद स्थितीत, मोटर वर तशीच ठेवून, खालच्या भोकात टॉर्च लावा आणि बाजूच्या तोंडातून अंधाऱ्या जागी आत बघा. सीटच्या कडेने उजेडाची रेघ दिसली तर अजून घाण आहे. रॉकेल ओतून बघायची जुनी पद्धत व्हॅक्यूमवाल्यावर ठीक, मोटरवाल्याला ते उलटं धरावं लागतं, म्हणून नको.

बसवताना गॅस्केट नवीनच, जुनी परत लावली तर एक्झॉस्ट गळतो आणि फुस्स आवाज येतो. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. कूलंट काढलं असेल तर भरून हवा काढा. कोड क्लिअर करा. काही गाड्यांत चावी लावली की वॉल्व आपणच पूर्ण उघडझाप करून बंद स्थिती शिकतो, काहींत स्कॅनरने ईजीआर लर्न करावं लागतं, ते केलं नाही तर स्वच्छ वॉल्व असूनही पी ०४०४ परत येतो.

एवढं करून पण काही महिन्यांत परत भरला तर कारण दुसरीकडे आहे. कोरडी काजळी तेवढी चिकटत नाही, तिला इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, येणारी ऑइलची वाफ मिळाली की डांबर होतं. ब्रीदरचा सेपरेटर, टर्बोचं सील, ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलंय का, हे बघा. आणि आपली गोव्याची गाडी चालवायची पद्धत. पर्वरीहून पणजी, पणजीहून रायबंदर, इंजिन गरम व्हायच्या आत पोचलो. टॅक्सीवाले मोपाला किंवा दाबोळीला गिऱ्हाईकाची वाट बघत एसी लावून आयडलवर उभे, म्हणजे नेमकं त्या स्थितीत जिथे वॉल्व सगळ्यात जास्त उघडा. थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. आणि अधूनमधून गाडी लांब न्या, काणकोणपर्यंत म्हणा किंवा चोर्ला घाटात, योग्य गिअरमध्ये लोडवर चालवा. त्याने साठलेला दगडासारखा कार्बन निघणार नाही, फुल लोडला तर वॉल्व बंदच असतो, पण पाण्याचा आणि ऑइलचा ओलावा उडतो आणि नवीन थर कमी धरतो.

प्लेट मारायचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, नको. पीयूसीत डिझेलचा फक्त धुराचा काळेपणा बघतात, नायट्रोजन ऑक्साईड मोजतच नाहीत, म्हणून सर्टिफिकेट मिळालं म्हणजे सगळं ठीक असं होत नाही, तो गॅस म्हापशाच्या बाजारात भाजी विकायला बसलेल्या बायकाच घेणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करायला मनाई करतं ते वेगळंच, आणि बीएस ६ गाडीत ईसीएमला ते लगेच कळतं.

कूलंट पातळी कमी होत असेल पण बाहेर कुठे गळत नसेल, आणि सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येत असेल, तर संशय ईजीआर कूलरवर घ्या, वॉल्व साफ करून तो दोष सुटणार नाही आणि गाडी तशीच चालवायची नाही. दांडीला आडवा खेळ आलाय, सीटवर खड्डे पडलेत, गिअरचे दात गेलेत किंवा सेन्सरचा आकडा उड्या मारतोय, या चारपैकी काहीही दिसलं तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवीन टाका, आणि घेताना जुन्या वॉल्ववरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, दिसायला सारखे असून आतल्या स्प्रिंगचा आणि सेन्सरचा फरक असतो.