आजोबांची वही हलकी करताना

आजोबांची कीर्तनाची वही स्कॅन केली, पण फाइल इतकी जड झाली की भाचीच्या फोनवर ती उघडेचना. तुमचंही असं होत असेल तर आधी मूळ स्कॅन बाजूला जपून ठेवा. जे करायचं ते प्रतीवर.

कडेच्या काळ्या पट्ट्या कापा. मग ३०० डीपीआयचे (दर इंचातले ठिपके) १५० करा. ए४ पानाचे सुमारे ८७ लाख पिक्सेल चौथाईवर येतात, आणि स्क्रीनवर वाचायला तेवढे पुरतात. रंगाची गरज नसेल तर ग्रेस्केल (फक्त राखाडी छटा) करा. निव्वळ काळं-पांढरं छापील पानाला ठीक, हस्ताक्षराला अजिबात नको. मी केलं तेव्हा पेन्सिलीचे पुसट अनुस्वार उडाले, ‘संत’चं ‘सत’ झालं! शेवटी जेपीईजीचा (चित्र दाबून लहान करायची पद्धत) दर्जा १००पैकी ६०च्या आसपास ठेवून पीडीएफ बनवा आणि पान मोठं करून ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे दिसतात का, ते बघा.